९९ टक्के कुठून आले तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दहा सेकंदांच्या आवाजावरून एआय पार्किन्सन ओळखणार, ९९ टक्के अचूक, असा लेख आला त्यावर हे पत्र लिहितेय. पत्र लांबणार आहे, कापलंत तरी चालेल, पण मधला माणसं मोजायचा भाग तेवढा कापू नका कारण सगळी गोम तिथेच आहे. मी स्पीच थेरपिस्ट आहे, वीसेक वर्षं झाली, मेंदूच्या आजारानं ज्यांचं बोलणं बिघडलंय त्यांना परत बोलतं करायचं हेच रोजचं काम. लेख आल्यापासून मला तीन फोन आले. एका बाईंचा घसा महिनाभर बसलाय, एका मुलाला वाटतं की बाबांचा आवाज हल्ली बारीक झालाय, आणि तिसऱ्यानं तर कुठलंसं ॲप डाउनलोड करून त्यात "आ" केलं, त्यानं लाल रंगात काहीतरी दाखवलं आणि तेव्हापासून त्याची झोप उडालीय, वय वर्षं चौतीस. खरं सांगायचं तर त्या चौतीस वर्षांच्या मुलासाठीच हे पत्र आहे.

आधी लेखात जे बरोबर आहे ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई मशीनच्या विरोधातच आहे. आवाज बदलतो, हे अगदी खरं आहे. पार्किन्सन असलेल्या बहुतेक सगळ्यांच्या, म्हणजे दहातल्या जवळजवळ नऊ जणांच्या, आवाजावर नाहीतर उच्चारांवर कधी ना कधी परिणाम होतोच. जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मधे या आजारावर जो निबंध लिहिला तो फक्त सहा माणसांवरून लिहिलाय, त्यातली काही तर त्यांनी नुसती रस्त्यात बघितलेली, पण आजार वाढला की बोलणं समजेनासं होतं हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. म्हणजे आवाजाची गोष्ट दोनशे वर्षं जुनी आहे, एआयनं ती शोधून काढलेली नाही. नवीन एवढंच आहे की जे आम्ही कानानं ऐकायचो ते आता मोजता येतं, आणि बरंचसं तर असंही मोजता येतं जे आमच्या कानाला पण कळत नाही.

माझ्याकडे जोडपी येतात त्यात एक सीन मी इतक्या वेळा बघितलाय की आता पुढचं वाक्य मीच म्हणू शकते. काका खुर्चीत थोडे पुढे वाकून बसलेले असतात, चेहरा शांत, जरा जास्तच शांत. काकू म्हणतात, "अहो मॅडम, यांचं बोलणं ऐकूच येत नाही हो." आणि काका त्याच बारीक आवाजात म्हणतात, "हिचे कान तपासा आधी." बऱ्याचदा काकूंचे कान खरंच तपासून झालेले असतात आणि ठणठणीत असतात. मग मी काकांच्या तोंडापासून ठरलेल्या अंतरावर आवाज मोजायचं मीटर ठेवते, बोलणं रेकॉर्ड करते आणि त्यांनाच ऐकवते. बहुतेकांचा विश्वासच बसत नाही. एक काका म्हणाले होते, "हे मशीन हळू वाजतंय." मग मी म्हणते, आता जोरात बोला, भांडताना बोलाल तसं. ते बोलतात, मीटरवर आकडा येतो तो तुमच्या आमच्या साध्या गप्पांचा, आणि काका ओशाळून विचारतात, "फार ओरडलो का मी?" म्हणजे नुसता घशाचा जोर कमी झालाय असं नसतं हो, आपण किती जोरात बोलतोय हे मेंदू जे आतल्या आत मोजत असतो ते मापच बिघडलेलं असतं. मीटरवरचा फरक तसा फार नसतो, सरासरी २ ते ४ डेसिबल, पण समोरच्याला तो चांगलाच जाणवतो, जरा गोंगाट असला की शब्द गळून पडतात.

हे का होतं तर मेंदूच्या तळाशी एक काळपट दिसणारा भाग असतो, तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात, त्या पेशी हळूहळू मरत जातात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास, काहींच्या मते त्याहून जास्त, गेलेल्या असतात. डोपामिन कमी झालं की सगळ्याच हालचाली लहान आणि संथ होतात, अक्षर बारीक होतं, पावलं छोटी पडतात, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, आणि बोलणं ही तर हालचालच आहे, तीही फार बारीक, श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ, टाळू सगळ्यांनी वेळेवर आपापलं काम करायचं असतं. स्वरयंत्रातल्या दोन पट्ट्या पुरुषांमधे सेकंदाला शंभर सव्वाशे वेळा आणि बायकांमधे दोनशेच्या आसपास वेळा एकमेकींना भिडतात. त्या नीट मिटल्या नाहीत की मधून हवा सुटते आणि आवाज फुसका येतो, प्रत्येक फेरी सारख्या वेळाची राहिली नाही की खरखर येते.

मशीन नेमकं हेच मोजतं. एक फेरी आणि पुढची फेरी यांच्या वेळेत किती फरक पडला त्याला जिटर म्हणतात, जोरात किती फरक पडला त्याला शिमर, आवाजात सूर किती आणि हवेचा गोंगाट किती याचं एक प्रमाण काढतात, आणि त्याच्या पुढची गणितं आहेत ती माझ्या डोक्यावरून जातात. "आ" म्हणायला का लावतात तर त्यात शब्द नसतात, भाषा नसते, चढउतार नसतात, नुसत्या पट्ट्या चालू असतात, म्हणून तुलना सोपी जाते. निरोगी मोठा माणूस एका दमात साधारण १५ ते २५ सेकंद "आ" धरतो. आम्ही हे स्टॉपवॉच घेऊन कितीतरी आधीपासून करत आलोय, आणि त्याबरोबर "पटक पटक पटक" भराभर म्हणायला लावतो, प ला ओठ, ट ला जिभेचं टोक, क ला जिभेची मागची बाजू, आणि पार्किन्सनमधे काय होतं की सुरुवात नीट होते मग घाई होते आणि शेवटी तिन्ही अक्षरं एकमेकांत मिसळून नुसती फरफट ऐकू येते.

आता मशीन शिकतं कसं. लेखात "हजारो आवाजांवर शिकवलेलं" असं काहीतरी मोघम होतं. यातलं सगळ्यात गाजलेलं काम मॅक्स लिटल नावाच्या गणितवाल्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं, अमेरिकेत डेन्व्हरच्या आवाज संशोधन केंद्राबरोबर, २००८-०९ च्या सुमाराला. ते रेकॉर्डिंगांचे आकडे त्यांनी सगळ्यांसाठी खुले ठेवले, त्यामुळे जगभरातल्या विद्यार्थ्यांनी त्यावर हात साफ करून घेतलेत, प्रोजेक्ट म्हणा पेपर म्हणा काय वाटेल ते. त्यात माणसं किती? ३१. त्यातली २३ पार्किन्सनची आणि ८ निरोगी. रेकॉर्डिंग १९५, म्हणजे एकेका माणसाची साधारण सहा.

माझ्या बहिणीचा मुलगा मशीन लर्निंगमधे नोकरी करतो. मागे तो राहायला आलेला, मी त्याला या डेटाबद्दल म्हटलं तर म्हणाला "मावशी दाखवतो थांब", लॅपटॉप काढला आणि अर्ध्या तासात पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास आकडा आणून दाखवला. मी खूश. मग मी नुसती स्क्रीनवर बघत होते, पहिल्या रकान्यात नावं होती, फोन आर०१ एस०१ _१, फोन आर०१ एस०१ _२, अशी सहापर्यंत, मग एस०२. मी विचारलं हे एस म्हणजे काय रे. म्हणाला सब्जेक्ट, माणूस. म्हटलं म्हणजे हे सहाही आवाज एकाच माणसाचे? हो. मग तू शिकवायला कुठले घेतले आणि परीक्षेला कुठले? तो दोन सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, "रँडम काढले." म्हणजे एस०१ चे चार आवाज अभ्यासात आणि दोन परीक्षेत! अहो म्हणजे मशीनला पार्किन्सन ओळखायची गरजच नाही, त्यानं फक्त माणूस ओळखायचा, हा तोच मघाचा, याच्यापुढे आजारी लिहिलेलं होतं, लिहून टाका आजारी. आमच्या वर्गात मुलं करायची तसंच, गणित नाही कळलं तरी मागच्या पानावरचं उत्तर पाठ.

मग त्यानं परत केलं, या वेळी माणसं वेगळी काढून, ज्या माणसाचा आवाज परीक्षेत आहे त्याचं एकही रेकॉर्डिंग अभ्यासात नाही असं. आकडा ऐंशीच्या खाली आला. आणि वर तो स्वतःच म्हणाला की मावशी, १९५ मधली १४७ रेकॉर्डिंग आजारी माणसांची आहेत, म्हणजे मी कुठलंही मशीन न लावता सगळ्यांना डोळे मिटून "तुम्हाला पार्किन्सन आहे" म्हटलं तरी पंचाहत्तर टक्के बरोबर येतो. त्या संध्याकाळी आम्ही दोघं खूप हसलो पण नंतर मला जरा भीतीच वाटली, कारण त्यानं ती चूक जाणूनबुजून केली नव्हती, त्याला कुणी विचारलं नसतं तर पंचाण्णव टक्के तसाच राहिला असता, कुणीतरी बातमी केली असती, तुम्ही छापली असती.

ही चूक एकट्या भाच्याची नाही. मोबाईल आणि घड्याळांच्या सेन्सरवरून आजार ओळखणाऱ्या अभ्यासांचा आढावा २०१७ मधे आलेला, त्यात जवळजवळ निम्म्या अभ्यासांनी अशीच रेकॉर्डिंगं विभागली होती, माणसं नाही. शिकलेली, पीएचडी झालेली माणसं आहेत ही सगळी.

तुमच्या लेखातला ९९ बहुधा २०१२ च्या कामातून चालत आलेला आहे, त्सानास, लिटल वगैरे मंडळींचं. ४३ माणसं, २६३ रेकॉर्डिंग, आवाजाची १३२ प्रकारची मोजमापं, आणि जवळजवळ ९९ टक्के अचूकता. चांगल्या मायक्रोफोननं, शांत खोलीत, शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली केलेली रेकॉर्डिंगं. पण गंमत अशी की पुढची गोष्ट पण त्याच लोकांनी सांगितलीय आणि ती लेखात कुठे आलीच नाही. लिटल यांनी नंतर फोन नंबर देऊन लोकांना आवाहन केलं की फोन करा आणि आपापल्या घरून "आ" म्हणा, लोकांनी पण भरभरून केले, आणि २०१९ मधे त्याचा निकाल छापून आला. १४८३ पार्किन्सनची माणसं आणि ८३०० निरोगी. इतकी माणसं आल्यावर आकडा काय निघाला? आजारी असलेल्या शंभरातले साधारण ६५ पकडले आणि निरोगी असलेल्या शंभरातल्या ६८ जणांना निरोगी म्हटलं. ९९ वरून इथे! नाणं उडवलं तर पन्नास येतात. आणि मला त्या लोकांचं कौतुकच वाटतं, आपलाच मोठा आकडा आपणच मोठी चाचणी घेऊन खाली आणला आणि तो लपवला नाही. त्याची बातमी मात्र माझ्या तरी बघण्यात आली नाही.

आता हिशोब करून बघा, मी कागदावर केलाय. साठीच्या पुढच्या माणसांत पार्किन्सनचं प्रमाण साधारण शंभरात एक धरतात. दहा हजार माणसांनी ॲपमधे "आ" केलं असं धरा, त्यात खरे आजारी १००. फोनवाल्या आकड्यानं गेलो तर १०० पैकी ६५ सापडतील, ३५ जणांना "काही नाही तुम्हाला" म्हणून घरी पाठवलं जाईल. आणि उरलेल्या ९९०० निरोगी माणसांपैकी बत्तीस टक्के म्हणजे ३१६८ जणांना लाल रंग दिसेल. लाल रंग दिसलेल्या दर पन्नास माणसांत खरा आजारी एक. बरं समजा तुमचं ९९ टक्के खरं धरलं, दोन्ही बाजूंनी ९९, तरी ९९ खरे आजारी सापडतील आणि ९९ निरोगी माणसंही त्याच ढिगात येतील, म्हणजे अर्धेअर्धे. हे साठीच्या पुढचं झालं. चौतिशीत हा आजार इतका क्वचित होतो की लाल रंगाला जवळपास काहीच अर्थ उरत नाही. त्या मुलाला मी फोनवर हेच गणित सांगितलं, तो इंजिनियर निघाला, त्याला लगेच कळलं, मग हळूच म्हणाला, "पण मॅडम, आवाज खरंच जरा कापतो माझा." अरे बाबा, चार रात्री झोपला नाहीस तू, कापेल नाहीतर काय.

आणखी एक आहे ते थोडक्यात सांगते. मशीनला तुम्ही काय शिकवायला निघालात आणि ते काय शिकलं यात फरक पडतो, आणि ते काही सांगत नाही. २०१५ मधे आयफोनवर एमपॉवर नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला, हजारो लोकांनी घरबसल्या आवाज, बोटांची टकटक, चालणं सगळं दिलं, फार मोलाचं काम. पण त्यात निरोगी म्हणून जे आले ते बरेचसे तरुण आणि पार्किन्सनवाले साहजिकच वयस्कर. आता मशीनला फरक सापडणारच, पण तो म्हाताऱ्या आणि तरुण आवाजाचा. तसंच आजारी माणसांची रेकॉर्डिंग एका खोलीत नि निरोगी लोकांची दुसऱ्या खोलीत केली तर मशीन खोली ओळखतं, माईक वेगळा असेल तर माईक. सर्दी, ॲसिडिटी, सिगरेट, वर्गात दिवसभर ओरडून बसलेला घसा, यातलं काहीही जिटर वाढवू शकतं. भाषेचं पण तसंच आहे, "आ" सगळीकडे सारखा म्हटला तरी सलग बोलण्याचं मोजमाप करायला गेलात की इंग्रजीवर, स्पॅनिशवर किंवा चेकवर शिकलेलं मशीन मराठी ळ, झ, ठ असलेल्या बोलण्यावर जसंच्या तसं चालेल हे कुणी गृहीत धरू नये.

लेखात शेवटी अल्झायमरचं पण एका ओळीत उरकलंय जणू काही तेच तंत्र आहे. तसं नाहीये ते. अल्झायमरमधे आवाज पुष्कळ दिवस चांगला राहतो, बिघडतं ते काय बोलतो ते. तिथे एक जुनं चित्र वापरतात, स्वयंपाकघरात बाई भांडी पुसतेय, तिच्या मागे सिंकमधून पाणी वाहून जमिनीवर पडतंय आणि तिचं लक्ष नाही, मुलगा डळमळत्या स्टुलावर चढून फडताळातली बिस्किटं चोरतोय, बहीण हात पुढे करून उभी. माणसाला म्हणायचं, चित्रात काय चाललंय ते सांगा. निरोगी माणूस म्हणतो, अहो तो पडेल, पाणी बघा. आजार असलेला माणूस म्हणतो, "तो... तो तिकडे... ते घेतोय, ते असतं ना ते..." नावं सापडत नाहीत, सर्वनामं वाढतात, मधले थांबे लांबतात, तेच परत येतं. मशीन हे मोजतं. २०२० मधे यावर एक खुली स्पर्धा घेतली होती, ७८ आजारी आणि ७८ निरोगी, वय आणि बाई-पुरुष दोन्हीकडे जुळवून घेतलेले, म्हणजे मी वर सांगितलेला घोटाळा होऊ नये म्हणून, आणि त्यात शब्दांवरून ओळखणारं साधं मशीन नुसत्या आवाजावरून ओळखणाऱ्यापेक्षा सरस ठरलं. एएलएस, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात तो आजार, त्यात आणखी तिसरंच, तिथे जीभ आणि टाळूचे स्नायूच कमजोर होत जातात, बोलण्याचा वेग आधी उतरतो. तेव्हा "आवाजावरून मेंदूचे आजार" असं एकाच पिशवीत सगळं भरलं की वाचकाला वाटतं एकच "आ" म्हणायचा आणि सगळ्या आजारांचा रिपोर्ट.

मग हे सगळं टाकाऊ आहे का? अजिबात नाही, आणि इथे मला तुमच्या लेखाच्या उलट सांगायचंय. लेखाचा सगळा भर अनोळखी माणसात आजार शोधण्यावर आहे आणि मशीन सगळ्यात कच्चं तिथेच आहे. मशीन उपयोगी आहे ते आधीच निदान झालेल्या माणसाला. कारण तिथे तुलना करायची ती त्याच्याच कालच्या आवाजाशी, म्हणजे माझ्या भाच्याच्या कोडमधे जी चोरी होती, माणूस ओळखून ठेवायची, तीच इथे कामाची ठरते, वय तेच, घसा तोच, फोन तोच, भाषा तीच, बदलला तो फक्त आजार किंवा औषध. त्सानास, लिटल मंडळींचाच दुसरा अभ्यास आहे २०१० चा, ४२ पेशंट, सहा महिने, घरात एक छोटं यंत्र, आठवड्यातून एकदा आवाज द्यायचा, एकूण ५८७५ रेकॉर्डिंगं, आणि त्यावरून डॉक्टर तपासून जो आजाराचा स्कोअर देतात त्याचा अंदाज काढायचा प्रयत्न केला. हे मला पटतं. पेशंट न्यूरोलॉजिस्टकडे तीन महिन्यांतून, सहा महिन्यांतून एकदा जातो, नेमका त्या दिवशी बरा असतो, डॉक्टरांपुढे सगळेच ताठ बसतात, आणि घरी परत गेल्यावर संध्याकाळी गोळीचा असर उतरला की घासही गिळता येत नाही, ते कुणी बघितलेलं नसतं. गोळी घेण्याआधी, घेतल्यावर तासाभरानं, रोज अर्धा मिनिट बोललं आणि महिन्याचा आलेख डॉक्टरांपुढे ठेवला तर बोलायला काहीतरी हातात राहील. इथेही जपून म्हणतेय कारण लेव्होडोपाच्या, म्हणजे डोपामिनची कमी भरून काढणाऱ्या, गोळीनं हातपाय जसे सुधारतात तसा आवाज हमखास सुधारत नाही, पण बदल टिपायला तरी साधन होईल.

दुसरी चांगली जागा म्हणजे ज्यांना धोका जास्त आहे हे आधीच कळलंय ते. काही माणसं झोपेत स्वप्नातलं खरंच करतात, लाथा मारतात, ओरडतात, पलंगावरून पडतात, शेजारी झोपलेल्याला फटका बसतो, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जातीचा आजार होतो. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी २०१७ मधे अशा ५० जणांचं बोलणं मोजलं तर पार्किन्सनचं निदान होण्याआधीच त्यांच्या बोलण्यातले थांबे आणि ताल निरोगी लोकांपेक्षा वेगळे निघाले. इथे दहा हजारातून एक शोधायचा नाहीये, मूठभर लोकांवर लक्ष ठेवायचंय, त्यामुळे वरचं माझं कागदावरचं गणित इथे एवढं उलटं पडत नाही.

आणि निदान आजही डॉक्टरच करतात, हात बघून, चाल बघून, बोटं आपटायला लावून, मनगट फिरवून ताठरपणा बघून. नेहमीच्या तपासणीत साखरेसारखी रक्ताची एक चाचणी केली आणि उत्तर मिळालं असं अजून नाही. म्हणून ॲपच्या लाल रंगाचा मोह होतो हे मला कळतं.

आवाज कुणाकडे जातो हे पण एकदा विचारा. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, आवाज बदलता येत नाही, आणि "आ" मधून आजाराचा अंदाज निघत असेल तर तो अंदाज विमा कंपनीलाही काढता येईल, नोकरी देणाऱ्यालाही. फुकट ॲप आहे म्हणून दहा सेकंद दिले, पुढे ते कुठे फिरले कुणास ठाऊक. यावर वेगळा लेख करा, तो मी आनंदानं वाचेन.

माझी तुमच्याकडे मागणी छोटी आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली की बातमीदाराला तीन ओळी विचारायला सांगा, माणसं किती होती, रेकॉर्डिंग किती ते नको, माणसं, आणि ज्यांच्यावर परीक्षा घेतली त्यातलं कुणी अभ्यासात होतं का, आणि निरोगी म्हणून घेतलेल्यांचं वय काय होतं. उत्तर नाही मिळालं तर तसं छापा. टक्क्याच्या आधी हे आलं तर टक्का कितीही मोठ्या टाइपात टाका, माझी हरकत नाही.

त्या तिघांचं काय झालं ते सांगून थांबते. महिनाभर घसा बसलेल्या बाईंना कान-नाक-घसावाल्यांकडे पाठवलंय, इतके दिवस आवाज बसलेला राहिला तर दुर्बीण घालून स्वरयंत्र बघायलाच हवं, आणि पार्किन्सनच्या नादात ते राहून जायला नको. चौतिशीतल्या मुलाला ॲप काढून टाकायला सांगितलं. ज्या मुलाला बाबांचा आवाज बारीक झाल्यासारखा वाटतो त्याला मी आवाजाचं काही विचारलंच नाही, विचारलं की बाबा चालताना एक हात हलवत नाहीत असं आहे का, सही लहान झालीय का, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला बटणं हल्ली आईच लावते. त्यांना न्यूरोलॉजिस्टची पुढच्या आठवड्यातली वेळ मिळालीय.

आणि हो, लेखाबरोबरच्या चित्रात तो माणूस फोन ओठांना चिकटवून "आ" म्हणतोय, तसं करू नका म्हणावं, श्वास थेट माईकवर आपटतो आणि चांगल्या भल्या माणसाचा आवाज पण फाटका येतो.

आपली,
एक नियमित वाचक
(स्पीच थेरपिस्ट)